एक प्रत पुरत नाही : संगणकात दुसरी हार्ड डिस्क बसवताना



या व्यासपीठावर आजवर संतवाङ्मयावर, नाटकावर, इतिहासावर व्याख्याने झाली. हातात डिसमिस घेऊन बोलायला उभा राहिलेला मी बहुधा पहिलाच. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "संगणकाच्या पोटात दुसरी हार्ड डिस्क सुरक्षितपणे कशी बसवायची, ते सांगतो." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "छान, पण आपल्या सभेशी याचा काय संबंध?" त्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि मग डिसमिसकडे वळतो. व्याख्यानाच्या वेळी टेबलावर एक उघडा संगणक ठेवला होता. वाचकांपुढे तो नाही, म्हणून छापताना काही वर्णने वाढवली आहेत.

आपण बडोद्याची मराठी माणसे. आपली भाषा शाळेपेक्षा घराने जास्त सांभाळली. रावपुऱ्यातल्या, दांडियाबाजारातल्या जुन्या घरांत माळ्यावर एखादी ट्रंक असायची. तिच्यात पणजोबांची पत्रे, मोडीतले कागद, लग्नांचे फोटो, सभेच्या जुन्या अंकांचे गठ्ठे असत. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ती ट्रंक हळूहळू संगणकात गेली. नातवाने पत्रे स्कॅन केली, कुणी कॅसेटवरची कीर्तने उतरवून घेतली. मूळ कागद वाळवीने खाल्ले, कॅसेटना बुरशी लागली. आता राहिले आहे ते फक्त संगणकात, आणि संगणकात म्हणजे एका डिस्कवर, एकाच प्रतीत.

एकाच प्रतीचे काय होते ते मराठी वाङ्मयाला पहिल्यापासून ठाऊक आहे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ पोथी खालशाच्या धाडीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी आठवणीतून ते चरित्र पुन्हा उभे केले, असे महानुभाव परंपरा सांगते. तिथे लीळा तोंडपाठ असलेली माणसे होती. आपल्या घरातली पत्रे कुणाला तोंडपाठ आहेत?

दुसरी डिस्क बसवायची ती दुसऱ्या प्रतीसाठी. जागा वाढते हा वरचा फायदा. आणि ती बसवतानाच पहिली प्रत गमावण्याचा धोका असतो, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. ती चूक आधी सांगतो.

माझी चूक

माझ्या आत्याच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आमच्याकडे कॅसेटवर होत्या. आत्या गेल्यावर मी त्या संगणकात उतरवल्या. एकेका ओवीची वेगळी फाइल केली, चाळीसेक झाल्या. कॅसेट खराब होत चालल्या होत्या, म्हणून टाकून दिल्या. संगणकात तेव्हा दोन डिस्का होत्या. एकीवर विंडोज आणि दुसरीवर घरचे सगळे साहित्य. घरातल्याच एका बंद पडलेल्या संगणकातली तिसरी डिस्क मी काढली आणि दुसऱ्या प्रतीसाठी या संगणकात बसवली. स्क्रू नीट लागले, केबली नीट बसल्या, संगणक पहिल्या फटक्यात सुरू झाला. मी खूष.

आता त्या तिसऱ्या डिस्कवरचा जुना पसारा पुसायचा होता. पडद्यावर 'डिस्क ०', 'डिस्क १', 'डिस्क २' अशी यादी दिसली. मी धरून चाललो की शेवटी आलेली ती शेवटच्या नंबरची. पण नंबर जोडण्याच्या क्रमाने पडत नाहीत. नवी डिस्क मी मदरबोर्डच्या आधीच्या पोर्टमध्ये खोचली होती, त्यामुळे ती 'डिस्क १' झाली आणि घरच्या साहित्याची डिस्क 'डिस्क २' वर सरकली. दोन्ही एकाच कंपनीच्या, दोन्ही १ टीबीच्या. मी 'डिस्क २' पुसली, फॉरमॅट केली, आणि वर तिच्यावर विंडोजच्या डिस्कवरचे तीनएकशे जीबी फोटो भरले.

त्या शेवटच्या कृतीने खरा घात झाला. झटपट फॉरमॅट केल्याने फिरत्या डिस्कवरचा मजकूर लगेच जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी तसे होते, आतली पाने जागच्या जागी असतात. त्याच क्षणी हात थांबवला असता तर फाइली परत मिळवणाऱ्या प्रोग्रॅमने बहुतेक ओव्या आल्या असत्या. मी त्या पानांवर दुसरे लिहून टाकले होते. इंदूरच्या चुलतबहिणीला कधीतरी ईमेलने अकरा ओव्या पाठवल्या होत्या, तेवढ्याच उरल्या.

म्हणून आजच्या सगळ्या बोलण्याचे सार आधीच सांगतो : डिस्क बसवताना हात सावकाश चालतात, त्यामुळे हातांकडून फारसे बिघडत नाही. बिघडते ते झाकण लावून झाल्यावर, खुर्चीत आरामात बसून केलेल्या एका क्लिकने.

डिस्क म्हणजे काय

१९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा ती कपाटाएवढी होती. तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज तेवढ्यात मोबाइलवरचा एखादा फोटोच बसतो.

आपल्या डेस्कटॉपमध्ये बसते ती साडेतीन इंची डिस्क. सीलबंद धातूच्या डबीत काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकड्या असतात, त्यांवर चुंबकीय लेप असतो. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये तबकडीची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने पळत असते. तिच्यावरून वाचणारे-लिहिणारे डोके ग्रामोफोनच्या सुईसारखे टेकत नाही, काही नॅनोमीटर उंचीवर हवेच्या पातळ थरावर तरंगते. माणसाच्या केसाची जाडी सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास असते. यावरून ही डबी धक्क्याला एवढी का भिते आणि आपण ती कधीही का उघडू नये, हे लक्षात येईल. धुळीचा कण तिथे डोंगराएवढा असतो.

डबीवर बहुधा एक बारीक छिद्र असते आणि शेजारी ते झाकू नका अशी सूचना असते. आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते गाळणीसह ठेवलेले असते. त्यावर लेबल चिकटवू नये. हेलियम भरलेल्या मोठ्या क्षमतेच्या डिस्का पूर्ण बंद असतात, त्यांना हे छिद्र नसते.

घेताना

दुकानात जाण्याआधी कॅबिनेट उघडून तीन गोष्टी पाहा. साडेतीन इंची डिस्क बसेल असा कप्पा रिकामा आहे का? मदरबोर्डवर साटाचे पोर्ट मोकळे आहे का? आणि एसएमपीएसमधून, म्हणजे वीज देणाऱ्या डब्यातून, आलेल्या केबलींपैकी साटाचा मोकळा प्लग आहे का? काही मदरबोर्डांवर एम.टू स्लॉटमध्ये कार्ड बसवले की साटाचे एखादे पोर्ट आपोआप बंद होते. पोर्ट मोकळे दिसते, पण चालत नाही. बोर्डाच्या पुस्तिकेत ते लिहिलेले असते.

बरेचदा डिस्कबरोबर डेटा केबल आणि स्क्रू मिळत नाहीत, ते मागून घ्या. वापरलेली डिस्क स्वस्त मिळाली तर ती किती तास चालली आहे ते आधी बघा. डिस्क स्वतःच आपल्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात, आणि फुकट मिळणाऱ्या साध्या प्रोग्रॅमने ती वाचता येते. चालू राहिलेले तास, बदली दिलेले सेक्टर आणि बदलीच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर, हे तीन आकडे पाहावेत. शेवटचे दोन शून्य नसतील तर अशी डिस्क प्रत ठेवायला घेऊ नये.

एक टीबीची डिस्क घेतली आणि संगणकाने ९३१ जीबी दाखवले, तर दुकानदाराने फसवले असे समजू नका. कंपनी एक लाख कोटी बाइटांना एक टीबी म्हणते. विंडोज मोजताना हजाराऐवजी १०२४ ने भागते. वस्तू तीच, मापे दोन.

वीज आणि अर्थिंग

काम सुरू करण्याआधी संगणक पुरता बंद करावा. नव्या विंडोजमध्ये साधे 'शट डाउन' अनेकदा अर्धवट असते. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून ते काही स्थिती डिस्कवर साठवून ठेवते. डिस्कांची अदलाबदल करायची असेल तेव्हा शिफ्टची कळ दाबून धरून 'शट डाउन' करावे, म्हणजे ते पूर्ण बंद होते. मग भिंतीवरचा स्विच बंद करून प्लग काढावा आणि कॅबिनेटचे सुरू करायचे बटन पाच-दहा सेकंद दाबून ठेवावे. आत राहिलेली वीज त्याने उतरते. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नये. त्यातल्या कपॅसिटरांत प्लग काढल्यावरही धोकादायक भार राहू शकतो.

जुन्या घरांत राहणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. चालू संगणकाच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्या अंगवळणी पाडून घेऊ नका. एसएमपीएसमधली एक गाळणी थोडीशी वीज कॅबिनेटमार्गे जमिनीत सोडत असते. अर्थिंग नसेल तर तिला वाट मिळत नाही आणि कॅबिनेटवर शंभराच्या वर व्होल्टांचा दाब राहतो. प्रवाह फार थोडा असतो, पण भिंतीतली अर्थिंगची तार तुटलेली आहे याची ती खूण असते. आधी वायरमनला बोलवावे. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन शोभेची नसते. दोन पिनांचे कन्व्हर्टर लावून ती बाद करू नये.

दुसरी वीज आपल्या अंगावरची, म्हणजे स्थिर विद्युत. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट होते ती. सुमारे तीन हजार व्होल्टांच्या खालचा झटका आपल्या बोटाला जाणवतही नाही, आणि डिस्कखालच्या हिरव्या पट्टीवरच्या चिपा त्याहून कितीतरी कमी दाबाने बिघडू शकतात. उपाय सोपा आहे. लोकरीचे, टेरिलिनचे कपडे टाळावेत, गालिच्यावर बसून काम करू नये. डिस्क पिशवीतून काढण्याआधी आणि मधून मधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा. त्याने आपण आणि कॅबिनेट एका पातळीवर येतो, मग ठिणगी उडायला कारण उरत नाही. हिवाळ्यात ग्वाल्हेर-इंदूरकडच्या कोरड्या हवेत ही काळजी अधिक घ्यावी. गोव्यातल्या दमट हवेत ठिणगीची भीती कमी, पण वातानुकूलित दुकानातून आणलेली थंड डिस्क लगेच चालू करू नये. तिच्यावर दव धरू शकते. तासभर पिशवीतच राहू द्यावी.

बसवण्याचे काम

टेबलावर वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा पसरा. स्क्रू ठेवायला एक वाटी घ्या. सुरुवातीला किती स्क्रू निघाले ते मोजा, शेवटी तितकेच परत गेले का तेही मोजा. मदरबोर्डवर पडून राहिलेला एक स्क्रू शॉर्टसर्किट करायला पुरेसा असतो.

कॅबिनेटच्या मागचे दोन स्क्रू काढले की, समोरून पाहता, बहुधा डावीकडचे पान मागे सरकून निघते. डिस्क दोन्ही बाजूंनी आवळायची असेल तर उजवे पानही काढावे लागते. आता डिस्क पिशवीतून काढा. ती दोन्ही कडांना धरायची, खालच्या पट्टीला बोट लावायचे नाही. आपल्याकडे कोट्याच्या नाहीतर शहाबादी फरशा. त्यांवर डिस्क हातभर उंचीवरून जरी पडली तरी ती गेली असे समजावे. टेबलावरसुद्धा ती ठेवायची, आपटायची नाही.

कप्प्यात डिस्क सरकवताना जोडणीची बाजू मदरबोर्डकडे किंवा उघड्या पानाकडे येईल असे पाहा. आडवी बसवा की उभी, चालते. तिरकी किंवा लोंबती नको. जागा असेल तर दोन डिस्कांमध्ये एक कप्पा मोकळा सोडावा. उन्हाळ्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि बहुतेक घरगुती डिस्कांची मर्यादा साठ अंशांच्या आसपास असते. पंख्याचा वारा डिस्कवरून जाईल तितके बरे.

स्क्रूंचे दोन प्रकार असतात. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे लागतात. अडीच इंची डिस्कला आणि एसएसडीला बारीक आट्यांचे. जाडाच्या जागी बारीक लावला तर पकडत नाही, बारकाच्या जागी जाड पिळला तर भोकातले आटे मरतात. प्रत्येक स्क्रूचे पहिले दोन फेरे बोटांनी द्या. सहज गेला तर तो बरोबर आहे. मग डिसमिसने आवळा, पण जोर काढून नको. डिस्कबरोबर मिळतात ते आखूड स्क्रूच वापरावेत, लांब स्क्रू आत रुतून इजा करू शकतो. चारही स्क्रू लावावेत. दोनांवर डिस्क बसते, पण थरथरते, आणि ती थरथर शेजारच्या डिस्कलाही पोचते.

केबली दोन. अरुंद ती डेटाची, तिच्यात सात पट्ट्या. रुंद ती विजेची, तिच्यात पंधरा. दोघींचे तोंड इंग्रजी एल अक्षरासारखे असते, त्यामुळे ती उलटी बसत नाही. बसत नसेल तर फिरवून पाहा, दाबू नका. डिस्कच्या बाजूची प्लॅस्टिकची जीभ नाजूक असते आणि मोडली तर डिस्क धडधाकट असूनही निरुपयोगी होते. काढताना प्लगला धरून ओढावे, केबलला नाही. चिमटा असेल तर तो आधी दाबावा. केबल तोंडापाशी काटकोनात मुडपू नये.

विजेच्या केबलीबद्दल दोन गंभीर सूचना. काही एसएमपीएसच्या केबली दोन्ही टोकांनी सुट्या असतात. दुसऱ्या कंपनीच्या, कधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलच्या केबलीही त्यात अगदी बेमालूम बसतात, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो. पाच व्होल्टांच्या जागी बारा व्होल्ट गेले की नवी-जुनी दोन्ही डिस्का एका क्षणात जळतात. म्हणून एसएमपीएस बदलला तर त्याच्याबरोबर आलेल्याच केबली वापराव्यात. दुसरे असे की मोकळा साटा प्लग नसला की जुन्या चार पिनांच्या प्लगवरून साटा करणारे जोड मिळतात. त्यातले प्लॅस्टिक ओतून एकसंध केलेले स्वस्त जोड आत शॉर्ट होऊन पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेल्या दिसतात तसा जोड घ्यावा, किंवा जादा प्लग असलेला एसएमपीएसच घ्यावा.

झाकण लावण्याआधी केबल पंख्यात जात नाही ना ते पाहा आणि जुन्या डिस्कची केबल धक्क्याने सैल झाली नाही ना, तेही तपासा.

आता खरी काळजी

इथे माझी सर्वांत कळकळीची विनंती. घरचे साहित्य वेगळ्या डिस्कवर असेल तर, नवी डिस्क तयार होईपर्यंत त्या जुन्या डिस्कची डेटा केबल काढून ठेवा. जी डिस्क जोडलेलीच नाही तिला चुकीचे क्लिक काही करू शकत नाही. मी एवढे केले असते तर आत्याच्या ओव्या आज असत्या.

संगणक सुरू करा. हलकी घरघर यावी. ठरावीक अंतराने टक-टक येत राहिली तर लगेच बंद करा. डिस्क सदोष आहे किंवा तिला पुरती वीज मिळत नाही. 'बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश आला तर घाबरू नका. बायोसमध्ये जाऊन विंडोजची डिस्क क्रमाने पहिली आहे का ते पाहा. नवी डिस्क आल्यावर कधी कधी हा क्रम बदलतो.

विंडोज उघडल्यावर नवी कोरी डिस्क इतर डिस्कांच्या शेजारी दिसत नाही. इथे अनेकजण ती परत करायला दुकानात जातात. कोऱ्या वहीला आधी पाने आखावी लागतात, तसेच हे आहे. स्टार्टवर उजवे क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. डिस्क 'इनिशियलाइज' करायची का असे विचारले जाईल. पद्धत 'जीपीटी' निवडा. जुनी 'एमबीआर' पद्धत दोन टीबीच्या पुढची जागा वापरू देत नाही. मग 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' घेऊन 'एनटीएफएस' पद्धतीने फॉरमॅट करा, आणि तिला ओळखू येईल असे नाव द्या. 'न्यू व्हॉल्यूम' हे नाव ठेवू नका. 'दुसरी प्रत' असे सरळ मराठीत लिहिले तरी चालते.

'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून टाकली तर संपूर्ण डिस्क तपासली जाते. दोन टीबीला चार-पाच तास लागतात, पण लागू द्यावेत. डिस्क सदोष असेल तर ते साहित्य ठेवण्याआधी कळलेले बरे.

हे सगळे कोऱ्या डिस्कसाठी. तुम्ही बसवलेली डिस्क जुन्या संगणकातली असेल, तिच्यावर काही असेल, आणि विंडोजने 'वापरण्याआधी फॉरमॅट करावे लागेल' असे सांगितले, तर 'कॅन्सल' म्हणा. संगणक एवढेच सांगत असतो की त्याला ते वाचता येत नाही. मोडी न येणारा माणूसही कागदाला कोरा म्हणत नाही, आणि हा तर चक्क पुसू का विचारतो. 'इनिशियलाइज' विचारले तरी हेच उत्तर. संगणक बंद करून जाणकाराला दाखवा.

विंडोज आणि घरचे साहित्य एकाच डिस्कवर, पण सी आणि डी अशा दोन भागांत असेल, तर केबल काढण्याचा उपाय चालत नाही. विंडोज स्वतःचा सी भाग पुसू देत नाही, पण डी भागाला तसे संरक्षण नसते. तेव्हा नंबरावर जाऊ नका. बसवण्याआधी नव्या डिस्कच्या लेबलावरचा सीरियल नंबर कागदावर उतरवून घ्या आणि पडद्यावरच्या डिस्कच्या माहितीशी ताडून पाहा. स्मार्टची नोंद वाचणारे प्रोग्रॅम तो दाखवतात.

एवढे करूनही चूक झालीच तर पहिली गोष्ट म्हणजे हात मागे घ्या. त्या डिस्कवर एक अक्षरही नवे लिहू नका, परत मिळवण्याचा प्रोग्रॅमही तिच्यावर टाकू नका. संगणक बंद करा. फिरत्या डिस्कवर आशा असते. एसएसडीवर फार कमी, कारण पुसलेली जागा ती बहुधा स्वतःहून साफ करून टाकते.

प्रत करणे

नवी डिस्क तयार झाली की पुन्हा पूर्ण शट डाउन, प्लग बाहेर, जुन्या डिस्कची केबल परत, आणि मग सुरू. आता साहित्य नव्या डिस्कवर न्या, पण 'कट' करून नाही, 'कॉपी' करून. कटने पुन्हा एकच प्रत होते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांच्या फाइलींची संख्या आणि बाइट जुळतात का पाहा. मग दहा-वीस फाइली इथून तिथून उघडून बघा, एखादी ध्वनिफीत शेवटपर्यंत ऐका. पूर्वी नकलनवीस नक्कल केल्यावर मुळाशी रुजुवात घेत, तेच हे काम.

आणि एक गैरसमज जाऊ द्यावा. एका कॅबिनेटमधल्या दोन डिस्का म्हणजे एका ट्रंकेतल्या दोन नकला. विजेचा लोंढा आला, चोरी झाली, घरात पाणी शिरले, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला, तर दोन्ही एकदम जातात. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम सोपा आहे : प्रती तीन, माध्यमे दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. माझ्याकडे त्या अकरा ओव्या वाचल्या त्या याच शेवटच्या कलमाने, तेही नकळत.

सभेच्या कार्यालयातल्या संगणकात या व्याख्यानमालेची उपलब्ध ध्वनिमुद्रणे आणि जुन्या वार्षिक अंकांची स्कॅन केलेली पाने आहेत. ती आजपर्यंत एकाच डिस्कवर होती. टेबलावरचा हा उघडा संगणक तोच आहे. दुसरी डिस्क तुमच्यासमोर त्यात बसवली, जुनीची केबल अजून काढलेलीच आहे. आज रात्री नवी डिस्क तपासायला लावून जाईन आणि उद्या प्रत करीन. तिसरी प्रत या इमारतीबाहेर कुणाच्या तरी घरी ठेवावी लागेल, दर सहा महिन्यांनी ती आणून ताजी करावी लागेल. ती जबाबदारी कोण घेणार, हे कृपया आज सभागृहातून बाहेर पडण्यापूर्वी कार्यवाहांना सांगावे.